दुपारचा मुक्काम

"हॉटेलचं काय एवढं, नुसतं पाठ टेकायला तर जायचंय." सहलीचा विषय निघाला की आपल्याकडे कुणीतरी हे वाक्य म्हणतंच. महाबळेश्वर असो, केरळ असो की युरोप. दिवसभर फिरायचं, रात्री येऊन आडवं व्हायचं, मग खोलीवर पैसे कशाला घालवायचे, असा त्यातला हिशेब. मी या हिशेबातच वाढले आणि बहुतेक ठिकाणी तो बरोबरही आहे. पण ऑर्लँडोला, डिस्ने वर्ल्डला, घरातलं सगळ्यात लहान आणि सगळ्यात वयस्कर माणूस बरोबर घेऊन जायचं ठरलं, तेव्हा तो मला पटेना. तिथली खोली लागते ती दुपारसाठी. रात्री काय, दमलेला माणूस कुठेही झोपतो.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. माझे सासू-सासरे त्या वर्षी कराडहून आमच्याकडे आले होते. मुलगी आठ वर्षांची, आणि धाकट्याला तीन पूर्ण व्हायला थोडेच महिने उरलेले. तीन वर्षांखालच्या मुलाला तिथे तिकीट लागत नाही, म्हणून जायचं तर त्याच उन्हाळ्यात, असं नवऱ्याचं म्हणणं. आईंचे गुडघे दुखतात. बाबा एस.टी.तून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेत, दहा तास उभं राहून फलाटावरच्या गाड्या लावलेला माणूस. पण आता उन्हात अर्धा तास चाललं की ते बसायला कठडा शोधतात. अशी सहा माणसं, आणि सगळ्यांचाच पहिला थीम पार्क.

तारखा मी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातल्या काढल्या. न्यू जर्सीतल्या शाळा सप्टेंबरच्या सुरुवातीला उघडतात, फ्लोरिडातल्या मात्र ऑगस्टच्या मध्यालाच सुरू झालेल्या असतात. त्यामुळे त्या दिवसांत गर्दी ओसरते आणि खोल्यांचे भाव उतरतात. त्या बदल्यात ऊन मिळतं. कोकणातल्या मे महिन्यासारखं चिकट, अंगाला बिलगणारं. आणि दुपारी तीन-चारच्या सुमारास आभाळ भरून येतं, विजा कडाडतात, तास-दीड तास धो धो कोसळतं. वीज जवळ आली की उघड्यावरच्या सगळ्या राइड्स बंद करतात. पार्क मात्र सकाळी साडेआठ-नऊपासून रात्रीच्या आतषबाजीपर्यंत चालू. म्हणजे दिवसाचे दोन चांगले तुकडे, सकाळचा आणि संध्याकाळचा, आणि मध्ये चार-पाच तासांची अशी दुपार, जिच्यात म्हाताऱ्या माणसानं आणि तान्ह्या पोरानं बाहेर असूच नये.

राहण्याची जागा शोधायला मी लॅपटॉप उघडून बसले की बाबा शेजारी खुर्ची ओढायचे. त्यांचा प्रश्न दरवेळी एकच. "गेटपासून किती लांब?" नवरा म्हणायचा, "बाबा, गाडी आहे आपल्याकडे, वीस मिनिटं लागतात." त्यावर बाबा म्हणाले, "अरे, शेगावला आपण भक्तनिवासातच उतरतो ना? का उतरतो? पहाटे उठून चालत दर्शनाला जाता येतं, महाप्रसाद घेऊन दुपारी खोलीत येऊन पडता येतं, आणि संध्याकाळी पुन्हा आरतीला. गावाबाहेर उतरलं की एकदा गेलेला माणूस रात्रीच परत येतो." पुढचे अनेक दिवस मी जी काही आकडेमोड केली, तिचा निष्कर्ष त्यांनी त्या एका वाक्यात आधीच सांगून टाकला होता.

आणि गंमत बघा, ही जागा मुळात उभी राहिली तीही याच प्रश्नातून. वॉल्ट डिस्नेनं कॅलिफोर्नियात अनाहाइमला पहिलं डिस्नेलँड 17 जुलै 1955 ला उघडलं, तेव्हा त्याच्याकडे जमीन होती जेमतेम 160 एकर आणि पैसा तर पार्क उभारतानाच संपलेला. शेजारचं डिस्नेलँड हॉटेल बांधलं ते जॅक रॅदर नावाच्या दुसऱ्याच उद्योजकानं. नावात डिस्नेलँड असलेलं हे हॉटेल डिस्ने कंपनीच्या मालकीचं झालं ते थेट 1988 मध्ये. पार्क चालायला लागल्यावर चारी बाजूंनी मोटेलं, खाणावळी, दुकानं उगवली. माणसं यायची डिस्नेसाठी, उतरायची दुसऱ्यांकडे. हे वॉल्टला फार लागलं. म्हणून फ्लोरिडात त्यानं 1960 च्या दशकाच्या मध्यावर वेगवेगळ्या नावांच्या कंपन्यांमार्फत गुपचूप जमीन घ्यायला सुरुवात केली. दलदल, संत्र्यांच्या बागा, झाडोरा, मिळून 27 हजार एकरांच्या वर. 1965 मध्ये ही बातमी फुटली. 1966 च्या डिसेंबरात वॉल्ट गेला, आणि थोरल्या भावानं, रॉयनं, काम पुरं करून 1 ऑक्टोबर 1971 ला पार्क उघडलं. त्याच दिवशी दोन हॉटेलंही उघडली, कंटेम्पररी आणि पॉलिनेशियन. त्यातल्या कंटेम्पररीच्या तर पोटातूनच मोनोरेल जाते. म्हणजे पाहुणा कुठे उतरणार, दुपारी कुठे जाणार आणि संध्याकाळी परत कसा येणार, याचा विचार तिथे झोपाळ्यांच्या आणि पाळण्यांच्या बरोबरीनं झालेला आहे.

आपल्याकडे पुष्कळांची समजूत असते की डिस्ने वर्ल्ड म्हणजे एक पार्क. तिथे मोठी पार्क चार आहेत: 1971 चं मॅजिक किंग्डम, 1982 चं एपकॉट, 1989 चं हॉलिवूड स्टुडिओज आणि 1998 चं अ‍ॅनिमल किंग्डम. सगळा पसारा साधारण 100 चौरस किलोमीटरचा. एका पार्कातून दुसऱ्यात चालत जाण्याची गोष्टच नाही (एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज यांच्यात तेवढी एक पायवाट आहे). त्यामुळे "डिस्नेच्या जवळ" अशी जाहिरात करणारं हॉटेल नक्की कशाच्या जवळ आहे, हे विचारल्याशिवाय एक पैसाही भरू नये.

पर्याय ढोबळमानानं तीन प्रकारचे निघाले. डिस्नेची स्वतःची हॉटेलं. आसपासची साखळी हॉटेलं, इंटरनॅशनल ड्राइव्ह या रस्त्यावरची किंवा डिस्ने स्प्रिंग्ज या डिस्नेच्या बाजारपेठेच्या भोवतालची. आणि किसिमी-डेव्हनपोर्ट या जवळच्या गावांकडची भाड्याची घरं. दुसऱ्या प्रकाराबद्दल फार सांगत नाही. भाव चांगला असतो, न्याहारी बऱ्याचदा फुकट असते. पण बिलात रोजचं रिसॉर्ट शुल्क निराळं लागतं, पार्किंगचं निराळं, आणि पार्कला नेणारी त्यांची बस दिवसात मोजक्याच फेऱ्या करते. दुपारी दीड वाजता पोर रडायला लागलं आणि बस साडेचारची असेल तर त्या फुकट बसचा उपयोग काय? इंटरनॅशनल ड्राइव्ह तर खरं म्हणजे युनिव्हर्सलच्या, म्हणजे ऑर्लँडोतल्या दुसऱ्या मोठ्या थीम पार्कांच्या, बाजूचा रस्ता. तिथून डिस्नेला जायचं म्हणजे आय-फोर महामार्गावरच्या गर्दीतून रोजची ये-जा.

खरी ओढाताण झाली ती किसिमीच्या घरानं. आमच्या ओळखीच्या बहुतेक मराठी कुटुंबांनी हेच केलेलं. चार खोल्यांचं घर, मागे स्वतःचा स्विमिंग पूल, सगळ्यात मुख्य म्हणजे पुरतं स्वयंपाकघर. कुकर लावा, फोडणी द्या, कुणी काही म्हणत नाही. दर रात्रीचं भाडं डिस्नेच्या हॉटेलच्या मानानं कमी (साफसफाईचे पैसे वेगळे लागतात, आणि थंडीत पूलचं पाणी तापवून हवं असेल तर त्याचेही). आईंना फोटो दाखवले तेव्हा त्या ओट्याच्या फोटोवर थांबल्या. "इथे बरं पडेल गं," म्हणाल्या.

मग मी त्या घराच्या पलंगापासून मॅजिक किंग्डमच्या दारापर्यंतचा रस्ता कागदावर मांडला. नकाशा वीस-पंचवीस मिनिटं दाखवतो. ते खरंच आहे, पण ती पार्किंगपर्यंतची. गोम इथेच आहे. मॅजिक किंग्डमला स्वतःच्या गाडीनं येणाऱ्याला दारापाशी येताच येत नाही. गाडी लावायची ती तलावाच्या अलीकडच्या काठावर, तिकीट अँड ट्रान्सपोर्टेशन सेंटरला. पार्किंगचे पैसे दर दिवसाला वेगळे द्यायचे. गाडीपासून चालत किंवा ट्रामनं पुढे यायचं, तपासणीच्या रांगेत उभं राहायचं, मग मोनोरेल किंवा मोठी फेरीबोट धरून सेव्हन सीज लगून ओलांडायचा. तेव्हा कुठे दार दिसतं. लहान मूल, त्याची गाडी, आईंचे गुडघे, पाण्याच्या बाटल्या हे सगळं धरलं तर घराच्या उंबऱ्यापासून तास-सव्वा तास. एवढ्या सायासानं आत गेलेलं कुटुंब दुपारी परत फिरत नाही. ते आतच कुठेतरी सावली बघून बसतं, पोरं किरकिरतात, मोठी माणसं एकमेकांवर करवादतात, आणि आतषबाजीपर्यंत कुणाच्या अंगात बघायचं त्राण राहत नाही.

डिस्नेच्या हॉटेलांतून येणारी बस मात्र थेट मॅजिक किंग्डमच्या दाराशी सोडते. तलाव नाही, बोट नाही. नकाशावर हॉटेल लांब दिसतं, पण माणूस आधी पोचतो. या एका गोष्टीनं माझा कौल फिरला.

आणखी एक बारीक गोष्ट, जी कुणी सांगत नाही. पार्कात चाकाची खुर्ची भाड्यानं मिळते, बाळगाडीही मिळते. पण दोन्ही त्या पार्कच्या दारातच परत करायच्या. बाहेर नेता येत नाहीत. म्हणजे दारापासून खोलीच्या पलंगापर्यंत आईंना स्वतःच्या पायांनी यायचं होतं. गेटपासून पलंगापर्यंत उभ्यानं किती आणि बसून किती, हे मी प्रत्येक हॉटेलासाठी लिहून काढलं. पैशांचा रकाना त्यानंतर.

या मापानं सगळ्यात उत्तम हॉटेलं मोनोरेलच्या वाटेवरची. कंटेम्पररीहून मॅजिक किंग्डमला दहा मिनिटांत चालत जाता येतं. पण त्यांचे भाव आमच्या आवाक्याबाहेरचे, त्यातून सहा माणसांना दोन खोल्या. बाबांसाठी मला अ‍ॅनिमल किंग्डम लॉजचा फार मोह झाला होता. 2001 सालचं ते हॉटेल गवताळ माळ मध्ये ठेवून अर्धगोलात बांधलंय. ठरावीक खोल्यांच्या सज्जातून खाली जिराफ आणि झेब्रे चरताना दिसतात. ज्या माणसाचं बालपण गुरांमागे गेलं त्याला सकाळी चहाचा कप हातात घेऊन ते बघताना मला पाहायचं होतं. पण ते चारही पार्कांच्या मानानं एका टोकाला. अ‍ॅनिमल किंग्डम सोडलं तर सगळीकडे लांबची बस. मोह आवरला.

अखेर ठरलं आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन. डिस्नेच्या स्वस्त गटातलं, 2012 मध्ये उघडलेलं हॉटेल. त्यातल्या साध्या खोल्या चौघांच्या, पण फॅमिली स्वीटमध्ये सहा माणसं राहतात. भाडं त्याच गटातल्या साध्या खोलीच्या दुपटीच्या घरात जातं, कधी त्याहून वर. तरी मी त्यावर ठाम राहिले, ते दोन कारणांनी. पहिलं कारण, न्हाणीघरं दोन. सहा माणसांच्या कुटुंबात सकाळी सात वाजता हे सुख काय असतं ते वेगळं सांगायला नको. दुसरं कारण रोपवे. 2019 च्या सप्टेंबरात सुरू झालेला स्कायलायनर या हॉटेलातून आणि तळ्यापलीकडच्या पॉप सेंच्युरी हॉटेलातून निघतो, कॅरिबियन बीच नावाच्या हॉटेलपाशी बदलून एका बाजूनं हॉलिवूड स्टुडिओजला आणि दुसऱ्या बाजूनं एपकॉटला जातो. पाळणा एकामागून एक येतच असतो, वेळापत्रक बघावं लागत नाही, बाळगाडी न मिटता आत जाते, आणि ज्यांना चालत्या पाळण्यात चढणं जमत नाही त्यांच्यासाठी बाजूला तो पूर्ण थांबवतात. म्हणजे चारांपैकी दोन पार्कांतून दुपारी परत येणं बसूनच होणार होतं. मॅजिक किंग्डम आणि अ‍ॅनिमल किंग्डमला बस.

जुन्या प्रवासवर्णनांत विमानतळावरून हॉटेलपर्यंत डिस्नेची मोफत बस असल्याचं अजून वाचायला मिळतं. ती 2022 च्या सुरुवातीला बंद झाली, त्यावर विसंबू नका. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्याला पार्कात रोज अर्धा तास आधी सोडतात. रांग टाळण्याच्या सशुल्क सोयीचं आरक्षणही बाहेर राहणाऱ्यांना तीन दिवस आधी, तर यांना मुक्कामाच्या सात दिवस आधी खुलं होतं. आणि फ्लोरिडात 1 जूनपासून 30 नोव्हेंबरपर्यंत चक्रीवादळांचा हंगाम, त्यामुळे मी खोली आणि तिकिटं एकत्र पॅकेजमध्ये न घेता वेगवेगळी घेतली. पॅकेज फुकट रद्द करायला 30 दिवस आधी निर्णय घ्यावा लागतो. महिनाभर आधी वादळ कुणाला दिसतं?

आता त्या दुपारीबद्दल, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप.

हॉलिवूड स्टुडिओजमधून आम्ही साडेबाराला निघालो तेव्हा मुलीनं थोडी कुरकूर केली. पाळण्यात एसी नसतो, पण चालू असला की वारा खेळतो. खाली झाडांचे शेंडे, तळं, दुसऱ्या हॉटेलचे रंगीत मजले. धाकटा कॅरिबियन बीच यायच्या आत बाबांच्या खांद्यावर झोपला. आईंनी चपलांचे पट्टे पाळण्यातच सैल केले. खोलीत आल्यावर त्या आधी न्हाणीघरात गेल्या, टबाच्या काठावर बसल्या, कोमट पाणी सोडून पाय आत ठेवले आणि चांगला पाव तास तशाच बसून राहिल्या. बाहेरच्या खोलीतलं जेवणाचं टेबल भिंतीकडच्या कळीनं खाली ओढलं की त्याचाच दुहेरी पलंग होतो. मुलीला ही त्या अख्ख्या हॉटेलमधली सर्वांत भारी राइड वाटली आणि रोज दुपारी ते उघडायचा मान तिचाच. धाकट्याला तिथे टाकलं, पडदे ओढले.

जेवणाचा बेत आम्ही न्यू जर्सीतूनच करून नेला होता. मेथीचे पराठे, शेंगदाण्याची चटणी, तुपाची बरणी, बेसनाचे लाडू. पार्कात बाहेरचं खाणं नेऊ देतात, फक्त काचेची भांडी आणि दारू नको. प्यायला बर्फाचं पाणी काउंटरवर मागितलं की फुकट मिळतं. स्वीटमध्ये शेगडी नाही, पण छोटा फ्रीज आणि मायक्रोवेव्ह आहे. दही आणि केळी किराणा पोचवणाऱ्यांकडून हॉटेलवर मागवली, आणि दीड मिनिटात होणारी भाताची पाकिटं. दुपारी एकच्या सुमारास, पडदे ओढलेल्या गार खोलीत, कागदी वाडग्यात दही-भात आणि वर चटणी. आईंनी ओट्याचं नाव पुन्हा काढलं नाही. पराठे संपल्यावर मात्र एक दिवस जड गेला. पिझ्झा आणि बटाट्याच्या फोडींवर बाबांचं पोट भरत नाही, हे मान्य करायला हवं. घरच्या जेवणाशिवाय ज्यांचं दोन दिवसांवर निभत नाही, त्यांनी किसिमीचं घर घ्यावं आणि रोज पार्क करायचा हट्ट सोडून एक दिवस पार्क, एक दिवस घरी असं करावं. तीन-चार कुटुंबांचा गोतावळा एकत्र जाणार असेल तर मी स्वतःही तेच करीन. मोठ्या टेबलाभोवती रात्री रंगणाऱ्या गप्पा कुठल्या हॉटेलात होणार?

झोप झाली की मुलगी आणि तिचा बाबा खाली स्विमिंग पूलवर जायचे. तिथल्या मोठ्या पूलमध्ये पाण्याखाली डोकं घातलं की संगीत ऐकू येतं. ती वर येऊन दरवेळी मला सांगायची, "आई, माशांना गाणी लावलीत." मग पाऊस यायचा. पूल रिकामा करायची शिट्टी व्हायची, रोपवे थांबायचा, आणि आम्ही खिडकीशी बसून तो कोसळताना बघायचो. त्याच वेळी पार्कात हजारो माणसं प्लास्टिकचे रेनकोट चढवून दुकानांच्या पागोळ्यांखाली दाटीवाटीनं उभी असतात. आमच्या आईंना मला तिथे उभं करायचं नव्हतं. खोलीचे जे जास्तीचे पैसे मोजले ते या तासाचे होते, आणि एकही डॉलर मला जड वाटला नाही.

बाबांनी दुपारच्या वेळेला स्वतःचा एक उद्योग शोधून काढला. पाऊस थांबला की ते हॉटेलसमोरच्या बसथांब्यावर जाऊन बसायचे. तिथे छापील वेळापत्रक नाही, पडद्यावर पुढची बस किती मिनिटांत येते तेवढं दिसतं. बाबांनी पहिल्या दोन दिवसांत फेऱ्यांचा अंदाज काढला. मॅजिक किंग्डमची बस साधारण वीस मिनिटांनी, पण संध्याकाळी पाचनंतर मागोमाग दोन सोडतात. चाकाची खुर्ची असली की चालक आधी तिला चढवतो, खाली उतरून पट्टे स्वतः आवळतो, आणि तोवर बाकीची रांग हूं की चूं न करता थांबते, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. "मुक्कामी गाडीच्या वाहकाला जशी सगळ्यांची घरं माहीत असतात ना, तसा आहे हा," असं ते एका चालकाबद्दल म्हणाले. त्याच्याशी त्यांचं बोलणं हातवाऱ्यांनी चाले. पार्कातल्या कुठल्याही राइडपेक्षा बाबा त्या बससेवेबद्दल जास्त बोलतात, आजही.

साडेपाचला आम्ही पुन्हा निघायचो, आंघोळी करून, कोरडे कपडे घालून. संध्याकाळचं एपकॉट मला सगळ्यात आवडलं. तळ्याभोवती अकरा देशांचे मंडप, सगळा फेरा जवळपास दोन किलोमीटरचा. रोपवे मागच्या दारानं थेट त्या फेऱ्यावरच उतरवतो. आईंनी त्यातलं निम्मं चालत केलं, निम्मं खुर्चीतून. मोरोक्कोच्या मंडपात रंगीत फरश्यांच्या भिंतीपुढे त्या बराच वेळ थांबल्या होत्या. जपानच्या पुढे कठड्यावर बसून आम्ही आतषबाजी पाहिली, आणि सहाच्या सहा जण जागे होते. धाकटाही. दुपारी दोन तास झोपलेलं मूल रात्री नऊला आकाशाकडे बोट दाखवून ओरडू शकतं.

माझी नणंद पुढच्या वर्षी पुण्याहून येणार आहे. तिची मुलं मोठी, एक दहावीला आणि एक कॉलेजात. तिनं मला विचारलं तेव्हा मी तिला आमचं हॉटेल सुचवलं नाही. त्या वयाच्या मुलांना दुपारी पलंग लागत नाही, त्यांना भीती वाटेल असा रोलर कोस्टर लागतो आणि रांगेत दोन-दोन तास उभं राहायचं नसतं. त्यांनी युनिव्हर्सलला जावं. तिथली तीन महागडी हॉटेलं, पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक, खोलीच्या भाड्यातच जुन्या दोन पार्कांमधली रांग टाळायचा पास देतात. मे 2025 मध्ये उघडलेल्या एपिक युनिव्हर्स या तिथल्या नव्या पार्कात तो चालत नाही, हे लक्षात ठेवायचं. चौघांच्या पासाचे रोजचे पैसे वेगळे मोजले तर महागडी खोली घेऊन एक-दोन रात्री राहणं परवडू शकतं, आणि उरलेल्या रात्री इंटरनॅशनल ड्राइव्हवर स्वस्तात काढायच्या. नुसतं पाठ टेकायला जायचंय, हे तिच्या बाबतीत अगदी खरं आहे, असंही मी तिला म्हटलं.

हे सगळं तिनं वहीत लिहून घेतलं, आणि चार दिवसांनी तिचा पुन्हा फोन आला. आई तिच्याबरोबर येतायत. कराडहून पुण्याला आल्या होत्या, गप्पांत विषय निघाला, आणि "मला पुन्हा त्या पाळण्यात बसायचंय," म्हणाल्या.

तेव्हा यादी पुन्हा पहिल्यापासून. युनिव्हर्सलच्याच स्वस्तातल्या काबाना बे हॉटेलात फॅमिली स्वीट आहेत, फ्रीज-मायक्रोवेव्हसकट, पण तिथे तो पास मिळत नाही. रॉयल पॅसिफिकहून पार्कांच्या दिशेनं छोटी बोट जाते, म्हणजे आईंचं बरंचसं अंतर बसून होईल आणि मुलांचा रांगेचा प्रश्नही सुटेल. पण पाच माणसांना कदाचित दोन खोल्या घ्याव्या लागतील. शिवाय आईंना पाळणा हवाय तो डिस्नेचा, त्यासाठी दोन रात्री तिकडे. नणंद भाव काढून रविवारी कळवणार आहे. लिफ्टजवळची खोली मागायला तिला मी सांगून ठेवलंय.